एकतीस मार्चनंतरचे झाड

घरपट्टीचे बिल आले की आपण दोनच गोष्टी पाहतो. एकूण रक्कम किती, आणि भरायची शेवटची तारीख कोणती. मग ते बिल खिळ्याला अडकते. एकदा ते काढून सावकाश वाचून बघा. शिक्षण कर, अग्निशमन कर, दिवाबत्ती अशा ओळींच्या गर्दीत बहुतेक शहरांत 'वृक्ष कर' किंवा 'वृक्ष उपकर' अशीही एक ओळ सापडेल. रक्कम किरकोळ असते. पण शहरातली सगळी घरे, दुकाने, गोदामे यांची ती किरकोळ रक्कम एकत्र केली की आकडा किरकोळ राहत नाही.

हे आधीच सांगितले, कारण मोहल्ल्यातली, शाळेतली, सोसायटीतली माणसे झाडे लावायचे ठरवतात आणि मदतीसाठी नगरपालिकेच्या पायऱ्या चढतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर याचकाचा भाव असतो. साहेबांनी मेहेरबानी करावी, असा. यात मेहेरबानी कसली? झाडांसाठी म्हणून तुम्ही दरवर्षी पैसे भरता. त्यातले थोडे तुमच्या गल्लीतल्या झाडांना मिळावेत एवढेच तुम्ही म्हणता आहात.

बिलातल्या त्या ओळीमागे एक कायदा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. या कायद्याने शहरांसाठी वृक्ष प्राधिकरण नावाची यंत्रणा उभी केली. झाड तोडायला परवानगी द्यायची की नाही हे ती ठरवते, एवढेच लोकांना ठाऊक असते. रस्तारुंदीच्या वेळी वडाच्या बुंध्यावर चिकटवलेली नोटीस आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण त्याच कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालवणे, कोणत्या भागात किती आणि कोणती झाडे असावीत हे ठरवणे, नागरिकांना आणि संस्थांना झाडे लावायला मदत करणे, अशी कामेही त्या प्राधिकरणाकडे दिलेली आहेत. उपकराचा पैसा याच कामांसाठी राखायचा असतो.

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटले गेले. एखादे झाड तोडावेच लागले, तर त्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची. चाळीस वर्षांचा कडुनिंब गेला तर चाळीस झाडे. तीही वीतभर रोपे चालणार नाहीत, सहा ते आठ फूट उंचीची हवीत. आणि सात वर्षे त्यांची देखभाल करायची. हा सात वर्षांचा आकडा लक्षात ठेवा. झाड जगते की नाही हे कळायला किती काळ लागतो, याची जाण कायदा लिहिणाऱ्याला होती, एवढे त्यावरून दिसते. झाडांना पैसा देणाऱ्यांच्या कागदांत मात्र हा काळ कुठे सापडत नाही.

आता पैसा देणारे कोण कोण आहेत ते पाहू. नगरपालिका-महापालिकेचा वृक्ष निधी आहेच. सामाजिक वनीकरण विभागाच्या आणि वन खात्याच्या रोपवाटिका आहेत. वनमहोत्सवाच्या दिवसांत तिथे सवलतीने रोपे मिळतात. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. हवा सुधारण्यासाठी २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर, जालना, लातूर, चंद्रपूर अशी आपली शहरे आली, आणि धूळ अडवण्यासाठी हिरवाई वाढवायलाही त्यातून पैसा येऊ लागला. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला सीएसआर आहे. शिवाय रोटरी, लायन्स, व्यापारी संघ, वाढदिवसाला पाच झाडे देणारे हौशी दाते. यादी लहान नाही. झाडांना पैसा मिळत नाही ही तक्रार मला पूर्णपणे पटत नाही, ती त्यामुळेच. मिळणारा पैसा कोणत्या कामासाठी मिळतो आणि कोणत्या महिन्यात संपतो, दुखणे तिथे आहे.

एक साधा हिशेब करून बघू. कवीला हिशेबातले काय कळते, असे एका साहेबांनी मला हसत विचारले होते. मात्रा मोजत आयुष्य गेले त्याला लिटर मोजायला काय हरकत आहे!

समजा, शंभर झाडे लावली. पावसाळ्यात पाणी वरून मिळते. दिवाळीनंतर थंडीत थोडे कमी पडले तरी रोप तग धरते. खरी परीक्षा फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंत. म्हणजे साधारण एकोणीस आठवडे. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक झाडाला वीस लिटर धरले, तर शंभर झाडांना आठवड्याला ४,००० लिटर. एकोणीस आठवड्यांचे ७६,००० लिटर. ५,००० लिटरचा टँकर धरला तर एका उन्हाळ्याला पंधरा-सोळा टँकर. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे एका उन्हाळ्यावर भागत नाही, तीन उन्हाळे काढावे लागतात. म्हणजे शंभर झाडांमागे पंचेचाळीस ते पन्नास टँकर. तुमच्या गावात टँकरचा जो भाव असेल त्याने गुणा, आणि ती रक्कम रोपे व खड्डे यांच्या खर्चाशेजारी मांडा. लावणे हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, हे कुणी वेगळे सांगायला नको. टँकर दारात आल्यावर पाइप धरणारा माणूस, आळी करणे, गवत काढणे, मोडलेली काठी बदलणे हे मी धरलेलेच नाही.

यापुढे जरा तारखांकडे बघा. सरकारचे वर्ष एक एप्रिलला सुरू होते आणि एकतीस मार्चला संपते. झाडाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. जुलैत लागवड होते, ऑगस्टमध्ये फोटो छापून येतो, डिसेंबर-जानेवारीत बिले निघतात, मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि फाइल बंद होते. पुढच्या वर्षीची मंजुरी यायची ती पुन्हा पावसाळा लागल्यावर. मधल्या एप्रिल, मे आणि अर्ध्या जूनला वालीच नाही. वर जे एकोणीस आठवडे सांगितले त्यातले अकरा या काळात येतात. ज्या अडीच महिन्यांत रोप मरते, नेमक्या त्याच अडीच महिन्यांत त्याच्या नावावर एक पैसा शिल्लक नसतो. यात कुणाचे पाप आहे असेही नाही. कारकून आपले वर्ष बंद करतो, रोप आपले.

आमच्या गावच्या कब्रस्तानात हे मी जवळून पाहिले. शहरात झाडे लावायला जागा नाही असे म्हणणाऱ्यांनी कब्रस्ताने आणि स्मशानभूमी पाहाव्यात. चारी बाजूंनी भिंत असते, त्यामुळे शेळ्या येत नाहीत. रस्तारुंदी तिथवर पोचत नाही. पाण्याचा एखादा नळ किंवा हौद असतो आणि रखवालदार असतो. कबरीवर सब्जा लावायची, हिरवी फांदी ठेवायची रीत आमच्याकडे जुनी आहे, म्हणून हिरवाईला कुणाचा विरोध नसतो. जुन्या कब्रस्तानांतून कडुनिंब, चिंच, सीताफळे आपोआप टिकून राहिलेली असतात. आमच्याकडे मोहल्ल्यातल्या तरुणांनी साठ झाडे लावायचे ठरवले. एका दात्याकडून रोपे आली, एका लोकप्रतिनिधींच्या प्रयत्नाने लोखंडी जाळ्या आल्या, एका कार्यालयाने खड्ड्यांचे पैसे दिले. कार्यक्रम छान झाला. रखवालदार चाचा कोपऱ्यात उभे राहून बघत होते. भाषणे संपल्यावर मला म्हणाले, "भाईजान, झाड लगाने को सब आते. पानी डालने को कोन आता?"

मार्चपर्यंत पाणी मिळाले. एप्रिलमध्ये नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागले. तरुणांनी त्या कार्यालयात टँकरसाठी अर्ज केला. उत्तर आले की मंजूर कामाच्या अंदाजपत्रकात 'देखभाल' हे शीर्ष नाही, सबब विचार करता येत नाही. उत्तर नियमाला धरूनच होते. त्या वर्षी जूनमध्ये मोजली तेव्हा साठांपैकी एकवीस झाडे हिरवी होती. जाळ्या मात्र साठच्या साठ उभ्या होत्या, नावांसकट.

या जाळ्यांचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. लोकप्रतिनिधींचा विकास निधी मुळात टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. पुन्हापुन्हा येणारा खर्च त्यात बसत नाही. लोखंड टिकाऊ असते, पाणी नसते. म्हणून जाळीला पैसा मिळतो आणि पाण्याला मिळत नाही. शिवाय जाळीवर नाव लिहिता येते, टँकरमधून ओतलेल्या पाण्यावर कसे लिहिणार? मी हे चेष्टेने म्हणत असलो तरी देणाऱ्याची ही अडचण खरी आहे. त्याला आपल्या पैशाचे काय झाले हे दाखवता आले पाहिजे. मोजमाप पुस्तिकेत खड्डा मोजता येतो, रोप मोजता येते. सावली मोजायला वीस वर्षे थांबावे लागते.

हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत आपल्या राज्याने पाहिली. २०१६ साली एक जुलैला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. मग २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी, म्हणजे तीन वर्षांत पन्नास कोटींचे उद्दिष्ट. लाखो लोकांनी मनापासून खड्डे खणले, त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण पुढे २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमली गेली ती यातली किती झाडे जगली आणि पैसा कसा खर्च झाला हे तपासण्यासाठी. लावण्याचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून योजना आखली की जगण्याचा आकडा शोधायला मागाहून समिती लागते.

शहरांसाठी अलीकडची मोठी योजना म्हणजे केंद्राची नगर वन योजना. पाच जून २०२० ला ती जाहीर झाली तेव्हा देशापुढे उदाहरण म्हणून ठेवले गेले ते आपल्या पुण्यातल्या वारज्याचे. वन खात्याची सुमारे चाळीस एकर उजाड टेकडी, तिच्यावर अतिक्रमणे होऊ लागलेली. २०१५ पासून वन खाते, स्वयंसेवी संस्था, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून तिथे जंगल उभे केले. योजनेत देशभर सहाशे नगर वने आणि चारशे नगर वाटिका करायचे ठरले, त्यासाठी ८९५ कोटींची तरतूद सांगितली गेली, आणि हेक्टरी चार लाख रुपये साहाय्य ठरले. या साहाय्यात उभारणीबरोबर देखभालही धरलेली आहे, ही चांगली बाब. पण नगर वनाला दहा ते पन्नास हेक्टर जागा लागते आणि वाटिकेला किमान एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. गावातले कब्रस्तान, शाळेचे मैदान, एसटी स्टँडमागची पडीक जागा या मापात बहुधा बसत नाही. आणि प्रस्ताव वन खात्यामार्फत जावा लागतो. म्हणजे गल्लीतल्या मंडळाने अर्ज करावा अशी ती योजना नाही. मात्र तुमच्या गावालगत वन खात्याची किंवा पालिकेची एखादी बोडकी टेकडी असेल, तर तिच्यासाठी मागणी जरूर करावी. वारजे तसेच झाले.

या योजनेचा पैसा येतो कुठून, हेही कळले पाहिजे. तो येतो कॅम्पा नावाच्या निधीतून. धरण, खाण, महामार्ग यांसाठी जंगलाची जमीन घेतली की घेणाऱ्याने भरपाई म्हणून पैसे भरायचे आणि त्यातून दुसरीकडे जंगल वाढवायचे, अशी ही व्यवस्था. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी हा निधी सुरू झाला आणि वर्षानुवर्षे पडून साठत गेला. २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. नव्वद टक्के राज्यांना आणि दहा टक्के केंद्राच्या निधीला, अशी वाटणी ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये सत्तावीस राज्यांना मिळून ४७,४३६ कोटी रुपये दिले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३,८०० कोटींहून अधिक आले. शहरातली नगर वने केंद्राच्या वाट्यातून होतात. म्हणजे शहरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मिळणारी सावली ही कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातल्या तोडलेल्या सागाच्या, मोहाच्या पैशावर उभी असते. हा पैसा नाकारा असे मी म्हणत नाही. पण तो रोपे वाळवण्यात घालवला, तर तो मोह दोनदा तोडल्यासारखे होईल.

मग एप्रिल-मे ओलांडणारा पैसा आहे कुठे? आहे. मला दिसलेले तीन-चार रस्ते सांगतो.

पहिला सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करणे बंधनकारक केले. पर्यावरण, वनस्पती आणि प्राणी यांचे रक्षण त्या कायद्याच्या यादीत आहे. २०२१ च्या बदलांनंतर यात एक महत्त्वाची सोय झाली, तिच्याकडे आपल्या संस्थांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झाले, तर ते सुरू झालेले वर्ष सोडून पुढची तीन वर्षे चालू शकते. वर्षअखेर उरलेला पैसा कंपनीला वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो आणि पुढल्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करावा लागतो. म्हणजे एकतीस मार्चला इथे फाइल बंद होत नाही. झाडाला हवे ते नेमके हेच. पण आपल्या संस्था कंपनीकडे जातात त्या 'एक हजार रोपे द्या' म्हणत. कंपनीही खूश, एका दिवसात काम होते आणि कर्मचाऱ्यांचे फोटो निघतात. त्याऐवजी अडीचशे झाडे आणि तीन उन्हाळे मागा. रक्कम तेवढीच राहू शकेल. कंपनीकडून थेट पैसा घ्यायचा तर संस्थेची नोंदणी, आयकराची प्रमाणपत्रे आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंद लागते. मोहल्ल्याच्या मंडळाकडे ही कागदपत्रे नसतील, तर अशी नोंद असलेल्या जवळच्या संस्थेला बरोबर घ्यावे. हे कंटाळवाणे काम आहे, पण एखाद्या निवृत्त शिक्षकाला हाताशी धरले की होते. आमच्याकडे तसेच झाले.

दुसरा रस्ता, झाड जगण्याशी मजुरी जोडण्याचा. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली बिहारमध्ये ही पद्धत निघाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी ती 'बिहार पॅटर्न' या नावाने उचलली. दोनशे झाडांचा एक गट करायचा, तो चार गरजू कुटुंबांकडे सोपवायचा, आणि त्यांना तीन वर्षे देखभालीची मजुरी द्यायची. किती झाडे जगली यावर मजुरी ठरायची. विधवा, अपंग, म्हातारी माणसे, ज्यांना दगड फोडायला जाता येत नाही, त्यांना हे काम देता येत होते. शहरांसाठी अशी योजना नव्हती. पण शहराने ती कल्पना घ्यायला कुणाची मनाई आहे? नगरपालिका बागेचा ठेका देते तेव्हा ठेकेदाराचे शेवटचे बिल जगलेल्या झाडांच्या मोजणीवर ठेवता येते.

तिसरा रस्ता लोकवाट्याचा. अमेरिकेत शहरांतल्या झाडांसाठी १९७८ च्या एका कायद्याखाली केंद्र सरकारचे अनुदान मिळते. नेहमीच्या पद्धतीत निम्मा वाटा मागणाऱ्याने उभा करायचा असतो. गंमत अशी की हा वाटा रोखच लागतो असे नाही. स्वयंसेवकांनी घातलेले तास, कुणी दिलेले पाणी, फुकट दिलेली गाडी यांची रुपयांत, म्हणजे तिकडे डॉलरात, किंमत करून ती वाट्यात धरता येते. आपल्याकडे श्रमदानाचे कौतुक होते, पण हिशेबाच्या वहीत ते कधी चढत नाही. ते चढवावे. पंधरा पोरांनी वर्षभर दर रविवारी दोन तास दिले, याचा आकडा अर्जाला जोडला तर देणाऱ्यालाही कळते की हे काम कुणाच्या अंगावर पडलेले आहे. त्याच अमेरिकेत २०२२ मध्ये झाडांसाठी दीड अब्ज डॉलर मंजूर झाले, आणि सरकार बदलल्यावर २०२५ मध्ये त्यातली काही अनुदाने मध्येच रद्दही झाली. तेव्हा कितीही मोठी तिजोरी असली, तरी तिच्यावर सगळाच भार टाकून चालत नाही.

चौथा रस्ता आमच्या मोहल्ल्याने काढला. इस्लाममध्ये सदका-ए-जारिया अशी एक कल्पना आहे. सदका म्हणजे दान, जारिया म्हणजे वाहते. देणारा माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते ते दान. विहीर खणणे, विद्या देणे, झाड लावणे ही त्याची नेहमी सांगितली जाणारी उदाहरणे. झाडाचे फळ माणसाने खाल्ले, पाखराने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे जमा होते अशी श्रद्धा आहे. वक्फचा मूळ अर्थही असाच आहे. मुद्दल अडकवून ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून काम चालवायचे. आपल्याकडे देवाच्या नावाने जमिनी लावून दिल्या गेल्या, दिवाबत्ती आणि पाणपोया चालवल्या गेल्या, त्यातही हाच व्यवहार होता. आमच्याकडच्या एका मौलानांनी जुम्याच्या दिवशी साधी गोष्ट सांगितली. वाळलेले झाड जारिया होत नाही, तेव्हा झाड देऊ नका, पाणी द्या. तेव्हापासून कुणाचा चाळीसवा असला की ते घर एका टँकरचे पैसे कमिटीकडे देते. ते बँकेत वेगळे ठेवायचे आणि एक एप्रिलनंतरच काढायचे, असा नियम केला. शेजारच्या आळीतले एक किराणा दुकानदार वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक टँकर देऊ लागले. वहीत नावे लिहिली जातात, जाळीवर नाही. मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा झाडे लावली गेली, पण या वेळी पाणी परवडेल तेवढीच.

जुन्या झाडांबद्दल थोडे बोलायला हवे, कारण अनुदान म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रोपच येते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावे असे सांगितले. ते वयाने गुणायचे. प्राणवायू, खत असे सगळे त्यात धरले होते. हा आकडा कमीजास्त म्हणता येईल, पण पन्नास वर्षांच्या पिंपळाशेजारी पन्नास रोपे ठेवून बरोबरी होत नाही हे त्यातून स्पष्ट होते. हरियाणा सरकारने आणखी पुढे जाऊन पंच्याहत्तर वर्षांवरील झाडांना चक्क पेन्शन सुरू केली. प्राणवायू देवता पेन्शन योजना. झाड ज्याच्या जागेत असेल त्याला देखभालीसाठी सुरुवातीला वर्षाला अडीच-पावणेतीन हजार रुपये. रक्कम मोठी नाही. पण दारातला वड अडचण वाटू लागलेल्या माणसाला तो वड घरातल्या म्हाताऱ्यासारखा सांभाळावासा वाटण्यात तिचा उपयोग होतो. आपल्या शहरांत बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेली, खिळे ठोकलेली, फांद्या एका बाजूने छाटून तोल गेलेली झाडे पाहिली, की वृक्ष निधीतला पहिला पैसा तिथे जावा असे मला वाटते. बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून माती मोकळी करणे हे शंभर रोपांपेक्षा स्वस्त आणि जास्त फलदायी काम आहे. पण त्याचे उद्घाटन कसे करायचे, हा प्रश्न उरतोच.

अर्ज करणाऱ्यांसाठी आता कामाच्या चार गोष्टी. अर्जात झाडांची संख्या खाली लिहा, पाण्याची सोय वर लिहा. बोअर आहे का, हौद आहे का, टँकर आत येईल एवढा रस्ता आहे का, एप्रिल-मेमध्ये पाइप धरणाऱ्या माणसाचे नाव काय. जागा कुणाच्या मालकीची आहे आणि त्यांची लेखी संमती आहे का, हे जोडा. वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे वड-पिंपळ मागू नका, कमी उंचीची झाडे मागा. अंदाजपत्रकात देखभाल हे वेगळे शीर्ष घाला आणि ते तीन वर्षांत विभागून दाखवा. शीर्ष नसेल तर पुढे कुणाची इच्छा असूनही पैसा देता येत नाही, हे कब्रस्तानात आम्ही पाहिलेच. पालिकेत जाण्याआधी माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत वृक्ष करातून किती जमा झाले, त्यातले झाडांवर किती खर्च झाले, आणि शेवटची वृक्षगणना कोणत्या साली झाली. उत्तराची प्रत हातात असली की साहेबांसमोर बसताना खुर्चीच्या टोकावर बसावे लागत नाही.

आणि वेळ. आपण सगळे जूनमध्ये जातो, पहिला पाऊस पडला की. तोवर पालिकेचे अंदाजपत्रक मंजूर होऊन तीन महिने झालेले असतात, कंपन्यांनी वर्षाची कामे ठरवलेली असतात, आणि वाटायला उरलेली असतात ती फक्त रोपे. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव जानेवारी-फेब्रुवारीत होते. अर्ज त्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात आत गेला पाहिजे. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत हे शेतकऱ्याला माहीत असते. कागदांचेही तसेच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)